सेनगावची हिरवी पेटी

पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, संपायला दोन दिवस राहिले होते. परतीचा पाऊस आपला मन मानेल तिथं पडत फिरत होता. सेनगावच्या जीप थांब्यावरही तो असाच आला, डोक्यावर लख्ख ऊन असताना. सोयाबीनची पोती झाकायला माणसं पळाली, भजेवाल्यानं कढईवर परात धरली, आणि हिंगोलीच्या जीपमध्ये खिडकीशी बसलेली शिवकन्या ताडकन उठली.

"थांबा, थांबा! माझी पेटी टपावर हाय!"

"लोखंडाची हाय ना मॅडम?" ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "साखरंची असती तर मी बी पळालो असतो."

मागच्या बाकावरची माणसं हसली. शिवकन्या चार जणांचे गुडघे ओलांडून खाली उतरली. वर पाहते तर टपावर कुणीतरी आधीच चढलेलं! अंगात निळा शर्ट, त्यावर साऱ्या रंगांचे शिंतोडे. त्यानं दोरी सोडली, पेटी खांद्यावर घेतली, टुणकन खाली उडी मारली आणि समोरच्या पत्र्याच्या दुकानात शिरला. तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"ओ भाऊ! पेटी कुठं घेऊन चालले?"

ती मागोमाग धावली. दुकान म्हणजे काय, धान्याच्या कोठ्या, कुलरचे सांगाडे आणि त्यांच्यामधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. त्यानं पेटी बाकड्यावर ठेवली होती, फडक्यानं पुसली होती आणि आता तो तिच्यावर ताडपत्री घालत होता, लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. शिवकन्या वळचणीला उभी. अर्धी आत, अर्धी पावसात.

"पेटीला ताडपत्री," ती म्हणाली, "अन् मला?"

त्यानं तेव्हा कुठं मान वर केली. डोळे मोठे होते त्याचे... आणि त्या घटकेला जरा घाबरलेले.

"तुमाला गंज चढत न्हाई," तो म्हणून गेला. मग काय बोललो ते उमगलं, तसे कान लाल झाले. "मंजे... या ना आत. बसा. इथं गळत न्हाई."

ती बसली. ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "लोकांच्या पेट्या अशा उचलून नेता का रोज?"

"न्हाई. आमचीच नेतो."

"तुमची? मी कालच दोन माणसांसमोर इकत घेतली ही!"

"घेतली असंल. पण केली आमी." त्यानं ताडपत्री बाजूला केली, पेटी आडवी केली आणि तळाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "झाकणाची ही दुहेरी घडी बघितली तवाच वळखली लांबून. आन् हे बघा..."

तिथं पत्र्यात ठोकून उठवलेली इवलीशी खूण होती. टाळांची जोडी. दोन गोल वाट्या आणि मधली दोरी.

शिवकन्यानं खुणेवरून बोट फिरवलं. ही खूण असलेल्या नऊ पेट्या तिच्याकडं होत्या. दोन वर्षं ती जिथं जाईल तिथं विचारत होती, ही कुणाची खूण, हा कारागीर कोण? कुणी सांगितलं नव्हतं. आणि आज तो धागा असा, पावसानं हातात आणून दिला होता.

"टाळ काहून पण?"

"आज्जा टाळकरी होता. दिवसा हातोडा, सांजंला टाळ. त्याला इचारलं की म्हणायचा, दोन्हीचा मालक एकच हाय." तो हसला. "मी प्रेमदास. आन् ते आमचे बाबा, ग्यानोबा. जोरात बोला त्यांच्याशी. चाळीस वर्षं पत्रा ठोकून कान गेलेत त्यांचे."

कोपऱ्यात बिजागऱ्या निवडत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चहा घेतील का पाव्हण्या?"

पाऊस थांबला. जीप निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. शिवकन्या तिसरीत बसली.

हिंगोलीत शाळेच्या मागच्या गल्लीत शिवकन्याचा एक मोठा हॉल होता. शिरड शहापूरहून ती रोज एसटीनं यायची, शटर वर करायची, आणि आत छत्तीस पेट्या तिची वाट पाहत असायच्या. पितळी कोपऱ्यांची फौजी ट्रंक, रेल्वेची जुनी चिठ्ठी अजून चिकटून असलेली कातडी बॅग, कुण्या पाटलिणीची लाकडी पेटारी, चाकं लावलेला संदूक. एकावर एक तीन पेट्या रचून तिनं दिव्याचं टेबल केलं होतं. एका ट्रंकेच्या झाकणावर इरकलीची गादी शिवून घातली, की झालं दोन माणसांचं बसायचं आसन. नांदेडची, पुण्याची माणसं फोनवर फोटो बघून पेट्या मागवायची, कुणी दिवाणखान्यासाठी, कुणी लग्नाच्या मांडवातल्या सजावटीसाठी.

नवी पेटी आली की शिवकन्या आधी झाकण उघडून वास घ्यायची. डांबरगोळ्या, कापूर, जुनं लुगडं, कधी नुसतीच हळद. डोळे मिटून उभी राहायची. मग महिनोन्महिने पेटीला ती फार हात लावत नसे. गंज वाढणार नाही एवढं तेल द्यायचं, पोचे तसेच ठेवायचे, उडालेला रंग तसाच ठेवायचा. लोक त्याच्यासाठीच तर येत होते.

तिची आई शालूबाई म्हणायची, "लोकाच्या पोरी सोनं जमवतात, आमची भंगार जमवून राहिली. आन् स्थळ आलं की म्हणती, माझ्या छत्तीस पेट्या ठिवायला जागा हाय का इचारा!"

पण त्या परतीच्या पावसानंतर पेट्यांना एकाएकी दुखणी सुरू झाली. एकीची कडी निघाली. दुसरीचा कोयंडा ढिला झाला. तिसरीची बिजागरी कुरकुर करू लागली. अन् ही सगळी दुखणी सेनगावलाच बरी व्हायची.

"ही बिजागरी चांगली हाय की," प्रेमदास झाकण वरखाली करत म्हणायचा.

"जीपमध्ये बसली की कुरकुरते."

"मंग जीपमधीच बसवून बघावी लागंल. किती वाजताची असते तुमची?"

"चारची."

"मंजे अजून दीड तास हाय." आणि तो एका बिजागरीला दीड तास लावायचा.

कधी ती चिडवायची, "कोठी करताना तुमचा हात किती झरझर चालतो! माझ्या पेटीलाच काय होतं?"

"कोठीत ज्वारी भरायची. पेटीत माणूस काय काय भरतो..." तो बोलता बोलता थांबायचा. कीर्तनात बुवा अभंगाचं अर्धं चरण घेतात आणि थांबतात ना, उरलेलं ऐकणाऱ्याच्या मनात वाजू देतात, तसा. फक्त बुवा पुढं ते चरण पुरं करतात. प्रेमदासचं चरण अर्धंच राहायचं.

नवरात्रात सेनगावच्या देवळात सात वाजता कीर्तन असायचं. शिवकन्याची मावसबहीण दिपा तिथंच नांदत होती, म्हणून पाचव्या माळेला ती मुक्कामाला गेली. निदान घरी तिनं तसं सांगितलं होतं. दोघी बायकांच्या बाजूला पुढंच बसल्या. समोर टाळकऱ्यांची रांग उभी राहिली. पांढरे सदरे, कपाळी बुक्का, आणि त्यात तिसरा... प्रेमदास. रंगाचा एकही शिंतोडा नसलेला. तिला ओळखायला एक क्षण जास्तच लागला.

वीणेचा झणत्कार झाला, पखवाजावर थाप पडली, आणि नामाचा गजर असा चढत गेला की देवळातली समईसुद्धा त्यात डुलते आहे असं वाटावं. वीस टाळ आणि एकच आवाज. शिवकन्या डोळे मिटून ऐकत होती. एखादी पेटी उघडल्यावर उभी राहायची तशीच. डोळे उघडले तेव्हा तो तिच्याकडंच पाहत होता.

आणि एक टाळ चुकला.

खण्ण्! एकटाच, मागाहून. बुवांनी हात वर केला, गजर थांबवला नाही, नुसते हसून म्हणाले, "एक टाळ वाट चुकला वाटतं. येऊ द्या, येऊ द्या. नामापाशी सगळेच येतात माघारी!"

सारं देऊळ हसलं. दिपानं कोपरानं ढोसलं. "तिसरा का गं? तिसराच ना?"

"गप बस. कीर्तन ऐक."

"मी तर ऐकूनच राहिले. तू काय बघून राहिलीस?"

शिवकन्यानं पदराआड हसू लपवलं. पदर नव्हताच, ओढणी होती, आणि ती काही पुरली नाही.

दसरा झाला. सोनं वाटायच्या निमित्तानं ती दुकानात गेली तेव्हा ग्यानोबांनी तिच्या हातातली आपट्याची पानं कपाळाला लावली आणि गरजले, "ह्यो चालला चाकणला! सांगितलं का तुला?"

प्रेमदास पत्र्यावर रेघ मारत होता. रेघ तिरकी गेली.

"मामाचा मुन्ना हाय तिथं कंपनीत," तो खाली बघूनच म्हणाला. "जागा निघाली. भाऊबीज झाली की ये म्हणला. इथं कुलर चार महिने, कोठ्या दोन महिने. पेट्या तर कुणी करूनच घेत न्हाई आता. बाबांना बहिणीकडं ठिवीन. दुकान... बंद करावं लागंल."

काहीतरी बोलायला हवं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण त्यानं बोलावं म्हणून ती थांबली, आणि ती काही म्हणेल म्हणून तो.

"जा की मग," शेवटी तीच म्हणाली. "पगाराची नोकरी हाय. चांगलंच हाय."

"व्हय. चांगलंच हाय," तो म्हणाला.

त्या दिवशी ती पहिल्याच जीपमध्ये बसली.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टर करुणाताई हॉलवर आल्या. हिंगोलीत त्यांचा दवाखाना होता. नवं घर बांधलं होतं, आणि त्यांच्या आई, भागूबाई, कायमच्या राहायला आल्या होत्या. आईच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी ठेवायला त्यांना एक जुनी पेटी हवी होती.

"आईनं जन्मभर नर्सची नोकरी केली, बदल्या झाल्या, घरं बदलली. तिची पेटी कुठल्या तरी क्वार्टरमध्ये राहून गेली. आता सारखी आठवण काढते. त्या काळातली, खरी जुनी द्या मला."

शिवकन्यानं टाळांची खूण असलेल्या आपल्या दहा पेट्यांमधली सगळ्यात जुनी निवडली. जवळजवळ सगळा रंग उडालेली, एका अंगाला हातभर पोचा, झाकणावर गंजाचा नकाशा. तिची सगळ्यात लाडकी. फक्त तळ एका ठिकाणी गंजानं खाल्ला होता. जीपवाल्यासोबत तिनं ती सेनगावला पाठवली आणि निरोप दिला, एवढा तळ बसवून द्या. स्वतः गेली नाही. जाऊन काय करायचं होतं?

धनत्रयोदशीच्या सकाळी प्रेमदास स्वतः पेटी घेऊन आला. चादरीत गुंडाळलेली. त्यानं ती हॉलच्या मधोमध ठेवली, दोन पावलं मागं सरला आणि चादर ओढली.



समोर कोरी करकरीत, हिरवीगार पेटी होती. अंगावर एक पोचा नाही. कडेनं पिवळी वेल, झाकणावर दोन कमळं, चकाकणारी कडी. बाकीच्या म्हाताऱ्या पेट्यांत ती एकटी नवरीसारखी उभी.

"ही... ही कोणती?"

"तुमचीच. तळ बसवला. मंग म्हणलं, पोचाबी काढावा. पोचा काढला तर रंग निघाला, मंग..." तो हरखून बोलत होता. "आज्जा असाच रंग द्यायचा. बाबांनी सांगितलं कमळाला पाकळ्या किती ते. आठ दिवस दुसरं काही केलं न्हाई बघा."

"पोचा काढायला कुणी सांगितलं होतं?"

तो थांबला.

"लोक जुनं मागतात, प्रेमदास. जुनं! मी दोन वर्षं ह्या पेटीला बोट लावलं न्हाई. तुमी तिची सगळी वर्षं घासून काढली!"

"वर्षं..." तो गोंधळला. "मी तर गंज काढला."

"तोच तर हवा होता!"

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती वाजून संपली.

"आमच्या दुकानात आलेली पेटी पोचा घेऊन बाहेर जात न्हाई," तो हळू म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. "पेटी करायची ती कुठंतरी निघालेल्या माणसासाठी. त्याला म्हातारी पेटी कशी द्यावी? म्हणून केलं. आज्जाच्या हातची पेटी पुन्हा माझ्या हातात येणार न्हाई, म्हणून... जरा जास्तच केलं असंल. तुमाला तकलीफ झाली. मला गंज चढवता येत न्हाई, न्हाई तर तोबी चढवून दिला असता."

चादरीची घडी घातली आणि तो गेला. घडी चारही कोपरे जुळवून घातली होती.

पाडव्याच्या दिवशी करुणाताई आईला घेऊन आल्या. शिवकन्यानं हिरवी पेटी भिंतीकडं सरकवून दुसऱ्या चार पेट्या पुढं काढून ठेवल्या होत्या. तोंडानं माफीही मागत होती, "ताई, तुमची होती ती जरा... बिघडली. पण ह्या बी त्याच कारागिराच्या हायेत, ह्या बघा..."

भागूबाई सत्तरीच्या. पांढरं स्वच्छ लुगडं, ताठ कणा, नर्सची ती चाल अजून टिकलेली. गंजलेल्या पेट्यांवरून त्यांची नजर फिरली. "बरं, बरं," म्हणाल्या. मग त्यांना भिंतीकडं काहीतरी दिसलं. त्या सरळ तिकडं निघाल्या, हिरव्या पेटीपाशी जाऊन थांबल्या आणि दोन्ही तळवे झाकणावर ठेवून उभ्या राहिल्या.

"आई, ती नवीन हाय," करुणाताई म्हणाल्या.

"मंग? माझी बी नवीनच होती."

त्या पेटीच्या कडेवरून बोट फिरवू लागल्या, वेलीच्या वळणावळणानं.

"डोंगरकड्याहून आमी कळमनुरीच्या बाजारात चालत गेलो होतो, माझे बाबा आन् मी. नांदेडला नर्शिंगला नंबर लागला होता माझा. आमच्या वस्तीतली पैली पोरगी. सेनगावचा पेटीवाला यायचा बाजाराला. बाबा म्हणले, माझी लेक शिकायला चालली, कोरी पेटी दे, कुणी वापरलेली न्हाई पाहिजे. तवर आमच्या घरात कोरं असं काही आलंच नव्हतं, बाई. बाबांनी ती डोक्यावर घेतली. रंग ओला होता, त्यांच्या पागुट्याला हिरवा डाग पडला, तो त्यांनी कधी धुतला न्हाई." त्या हसल्या. "गंजली असंल नंतर. मी न्हाई बघितली. मला आठवती ती अशी हाय. अशी."

त्यांनी झाकणावर बोटांनी ठोका दिला. पेटी खणखणली.

"वाजती बी तशीच! कुणी केली गं?"

इतकी वर्षं शिवकन्या पेट्यांचे वास घेत होती, पोचे जपत होती. आणि ज्यांनी त्या डोक्यावरून घरी आणल्या, त्यांच्या डोळ्यांत त्या सगळ्या अजून कोऱ्याच होत्या, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. प्रेमदासला ते ठाऊक होतं. न शिकवता, हातातूनच ठाऊक होतं.

"सेनगावचाच हाय, मावशी," ती म्हणाली. "त्याच पेटीवाल्याचा नातू."

"त्याला म्हणा, माझ्यासंगं शिकलेल्या तिघी हायेत अजून. नांदेडात दोघी, परभणीला एक. तिघींनाबी अशीच पाहिजे म्हणून भांडतील आता माझ्याशी."

करुणाताईंनी आईचा हात धरला, आणि आईनं तो पेटीवर ठेवून घेतला.

संध्याकाळी शिरडला, अंगणात पणत्या लावून झाल्यावर, शिवकन्यानं वडिलांना सगळं सांगितलं. किसनराव सप्ताहाला कधी न चुकणारा माणूस. ऐकताना मध्ये बोलायचं नाही ही सवय त्यांना कीर्तनातच लागलेली. पुरतं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "त्यानं काही म्हणलं का?"

"न्हाई, अप्पा."

"आन् तू?"

"मी बी न्हाई."

"मंग बोलणी कुणी करायची? पेट्यांनी?"

शालूबाई सुपारी कातरत होती, थांबली. "आवो, पण ते आपल्या नात्यागोत्यातले न्हाईत."

"ग्यानोबाच्या शेजारी मी अकरा सप्ते उभा राहिलो, शालू. माझ्या हातातला टाळ थकला की त्यानं त्याचा दिला. तवा नातं इचारलं न्हाई, आता काय इचारू?" त्यांनी लेकीकडं पाहिलं. "पण पोरी, बोलायचं ते तुमी बोला. मी येईन मागून, नारळ घेऊन."

शालूबाईनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "त्याच्याकडं छत्तीस पेट्या ठिवायला जागा हाय का, तेवढं इचार मात्र."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या जीपमधून उतरली तेव्हा दुकान अर्धं रिकामं झालं होतं. कोठ्या गेल्या होत्या, कुलरचे सांगाडे एका बाजूला बांधलेले. ग्यानोबा उन्हात बाजेवर बसले होते. प्रेमदास एका रेक्झिनच्या बॅगेत कपडे कोंबत होता, आणि बॅगेची चेन लागत नव्हती.

"पेटीवाले, अन् ही बॅग?" ती म्हणाली.

तो दचकून वळला. पण हसला नाही. "दुपारची गाडी हाय."

"मी चुकले."

ती हे बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. चेन तशीच सोडून तो उभा राहिला. मग तिनं भागूबाईंचं सगळं सांगितलं. पागोट्याचा डागसुद्धा. ऐकता ऐकता त्याची नजर खाली गेली, पायाच्या अंगठ्यानं तो जमिनीवरचा पत्र्याचा तुकडा हलवत राहिला.

"हाताला रंग लागला न्हाई ना त्यांच्या?"

"न्हाई."

"तीन दिवस वाळवला होता," तो म्हणाला.

"त्यांच्या तीन मैत्रिणींना पाहिजेत अशाच."

"तीन पेट्या... चाकणहून सुट्टीला आलो की करून देईन."

"मी तीन पेट्यांसाठी न्हाई आले, प्रेमदास. एक पेटी करून घ्यायचीय. शेवटची म्हणा हवं तर. लिहून घ्या."

दुकानाच्या दाराच्या एका फळीवर मापं खडूनं लिहायची तिथली पद्धत. फळी पुसून कोरी केलेली होती. सवयीनं त्यानं कोनाड्यातला खडू उचलला.

"जुनी का नवी?"

"कोरी. एक पोचा चालणार न्हाई."

आता कुठं त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "केवढी?"

"नवरीची असते तेवढी."

खडू थांबला. "नाव... काय घालू?"

"शिवकन्या."

त्यानं लिहिलं. अगदी सावकाश, एकेक अक्षर. पाठमोराच होता तो, पण मान कशी ताठ झाली ते तिला दिसलं. नवरीच्या पेटीवर नावाखाली सासरचं गाव घालतात, हे मराठवाड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या आज्ज्यानं अशी हजारभर गावं लिहिली असतील.

"अन्... गाव?" तो म्हणाला. पुसट, एखाद्या तिऱ्हाइताच्या आवाजात. "स्थळ आलं होतं म्हणे वाशीमचं. दिपावहिनी बोलल्या होत्या. वाशीम लिहू का?"

शिवकन्या पुढं आली. त्याच्या बोटांतून खडू काढून घेतला. बोटं गार होती. तिनं त्याच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात लिहिलं, आणि खडू त्याच्या हातात परत ठेवला.

तो वाचत राहिला. चारच अक्षरं, पण वाचून संपेनात.

"सेनगाव लई मोठं हाय," शेवटी तो म्हणाला.

"बराबर. पण पेटीवाल्याचं घर एकच हाय ना?"

"अन् तुमच्या घरी...?"

"अप्पा नारळ घेऊन येणारेत. आईचं एकच म्हणणं हाय, छत्तीस पेट्यांना जागा लागंल."

"पस्तीस," तो म्हणाला. "एक डॉक्टरबाईंकडं गेली." आणि मग त्याला हसू आवरेना, तिलाही आवरेना. "मुन्नाला काय सांगू आता?"

"सांगा, सेनगावात काम निघालं."

एवढ्यात बाज करकरली. ग्यानोबा उठून आले होते. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ते फळीवरचं वाचू लागले, अक्षर अक्षर जोडून, आणि नेहमीच्याच आवाजात.

"शिव... कन्या. से... न... गाव. अरे वा! आपल्याच गावची सून! कुणाच्या घरची रे?"

जीपच्या रांगेतल्या दोन ड्रायव्हरांनी माना वळवल्या. भजेवाल्याचा झारा कढईवर थांबला.

"बाबा, हळू..." प्रेमदास म्हणाला.

"आं?"

"आपल्या घरची," तो पुटपुटला.

"कुणाच्या?"

प्रेमदासनं शिवकन्याकडं पाहिलं. तिनं भुवया उंचावल्या. सांगा की! इतके दिवस अर्धंच राहिलेलं ते चरण त्यानं छातीभरून श्वास घेऊन एका दमात पुरं केलं.

"आपल्या! आपल्या घरची, बाबा! माझी!"

मग मागून कुठून तरी कुणीतरी जीपचा हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, आणि माणसं हसू लागली. शिवकन्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ग्यानोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी फळीकडं पाहिलं, मग लेकाकडं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मंग खडूनं काहून लिहिलं, येड्या? रंगाचा डबा काढ की!"